खोडीची रायफल

ठाण्यातला फोन सकाळी सव्वासातला वाजला. जांभूळटोल्याचा पोलीस पाटील बोलत होता आणि त्याला धाप लागली होती.

"म्याडम, लवकर या. धानाच्या बांधीत वासुदेवराव मरून पडले. बाजूले रायफल हाये."

"कोणी मारलं?"

"कोणी नाही जी. एकटेच होते."

सहायक पोलीस निरीक्षक राखी गजभियेने अर्धा चहा तसाच ठेवला. साकोलीहून जांभूळटोला वीस किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा नागझिऱ्याच्या जंगलाला खेटून. जीप हवालदार श्यामराव चालवत होते. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांचं मत नेहमी गाडीच्या आधी घटनास्थळी पोचायचं.

जड धान कापणीला आलं होतं. मधे मधे रानडुकरांनी लोळून ते जमिनीशी सपाट केलं होतं. दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला, म्हणजे धुऱ्याला, लागून गाव गोळा झालं होतं. धुऱ्यावर वासुदेवराव उताणे पडले होते. त्रेसष्ट वर्षांचा, बुटका, काटक माणूस. गोळी हनुवटीखालून शिरली होती आणि डोक्याकडे राखीने एकदाच पाहिलं.

"आत्महत्या," श्यामराव म्हणाले. जीपचं दार अजून त्यांच्या हातातच होतं.

तसं दिसत होतंच. धुऱ्याच्या ओल्या मातीत रायफलच्या दस्त्याचा ठसा खोल उमटला होता. दस्ता जमिनीवर, नळी हनुवटीखाली. असा मेलेला माणूस अपघाताने मेला असं सहसा कोणी म्हणत नाही.

राखीने बाकीचं पाहून घेतलं. मृताच्या अंगात धुतलेला पांढरा शर्ट होता. चपला धुऱ्याच्या टोकाला काढून ठेवलेल्या. दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. शेजारी कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शस्त्रपरवाना आणि पासपोर्ट साइजचे फोटो. खिशातल्या मोबाइलवरून शेवटचा फोन पहाटे सहा वाजून पाच मिनिटांनी केलेला, 'बाबुलालजी कारधा' या नावाला. एक मिनिटाचा.

तेवढ्यात मृताची बायको कलाबाई तिच्यापुढे येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"बाई, मले दुसरं काही नको. एकच सांगा. तो मले सोडून गेला का?"

"मावशी, आताच काही सांगता येत नाही."

"चाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाले. तो बाजारात जाये तरी सांगून जाये. असा न सांगता जाणारा नव्हता तो. पण सारे म्हणून राहिले गेला म्हणून. तुमी पाहून सांगा, गेला का नाही गेला."

"माय, तू बस ना खाली," तिचा मुलगा म्हणाला. भुपेंद्र, चौतीस वर्षांचा, एकुलता एक. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "म्याडम, बाबा दोन वर्षांपासून खचून गेले होते. डुकरं पीक ठेवत नाहीत. काल धड जेवलेही नाहीत. त्यायनं जीव देला."

राखीने हातमोजे चढवले आणि रायफल उचलली. .३१५ बोअरची, बोल्टची, लाकडाला बरीच वर्षं तेल पाजलेली. चाप आणि त्याभोवतीची कडी स्वच्छ होती. तिने बोल्ट मागे ओढला. रिकामी पुंगळी बाहेर पडली. मॅगझिनमधून तीन जिवंत काडतुसं निघाली. ती तिने सगळ्यांसमोर पिशवीत टाकली, नळी धुऱ्याच्या मातीकडे केली आणि बोल्ट परत पुढे सारायला हात लावला.

"सरक, माय!"

भुपेंद्रने आईचा दंड धरून तिला जवळजवळ ओढतच मागे नेलं. राखीने हलक्या हाताने बोल्ट बसवला. काही झालं नाही. बाप गेल्या घडीलाही पोरगा आईला जपतोय, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं, आणि तिला ते बरंच वाटलं.

"चाप हातानं पोचतो का पाहा," ती श्यामरावांना म्हणाली.

श्यामरावांनी टेप काढला. नळीचं तोंड हनुवटीखाली धरलं तर मृताचा हात चापापासून चार बोटं अलीकडेच संपत होता.

"मंग पायाच्या अंगठ्यानं ओढला असन," श्यामराव म्हणाले.

"अंगठ्यावर पाहा किती चिखल आहे. आणि चाप पाहा."

श्यामरावांनी दोन्ही पाहिलं आणि टेप गुंडाळला. त्यांचं मत पहिल्यांदाच गाडीच्या मागे राहिलं होतं.

*

घराच्या अंगणात खाट टाकली होती. राखीने भुपेंद्रला समोर बसवलं.

"रायफल कोणाची?"

"कारध्याच्या बाबुलाल मेश्रामांची. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झाले ते. शेतीसाठी परवान्यावर घेतली होती. आता डोळ्यात मोतीबिंदू झाला, शेती बटईनं देली, मंग इकून राहिले होते."

"तुमच्या घरी कशी आली?"

"पाह्यले आणली होती. दोन दिवसांसाठी."

"कागद न करता?"

भुपेंद्र खाली पाहत म्हणाला, "पसंत पडली तं कागद करणार होतो."

"बंदूक म्हणजे काय बैल आहे, जोतून पाहायला?"

प्रश्न रागाने विचारला होता, पण उत्तर त्यातच होतं. या भागात बैल घेताना कोणी नुसते दात पाहून पैसे मोजत नाही. बैल घरी आणतो, एक-दोन दिवस नांगराला जुंपतो, मग हो किंवा नाही सांगतो. वासुदेवरावांनी आयुष्यभर बैल असेच घेतले होते आणि बाबुलालजींनी असेच विकले होते. परवान्यावर नोंद झाल्याशिवाय रायफल दुसऱ्याच्या हाती देणं हा गुन्हा आहे, हे दोघांनाही ठाऊक असणार. पण इतक्या वर्षांच्या सवयीपुढे कायदा कोणाला आठवतो?

बाकीची हकीकत साधी होती. वासुदेवरावांच्या वडिलांची जुनी, ठासणीची भरमार बंदूक गंजून निकामी झाली, ती त्यांनी जमा केली. नव्या परवान्यासाठी नऊ वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. परवाना आला तेव्हा नवी रायफल घेण्याची ऐपत उरली नव्हती. खरेदीची मुदत या महिनाअखेर संपत होती. बाबुलालजींची जुनी रायफल नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. घ्यावी की घेऊ नये यावर घरात महिनाभर खल चालला होता. मुलाला हवी होती. बापाचं मन होत नव्हतं.

"का होत नव्हतं?"

"म्हणत, मले भरमारची सवय. हे यंत्र मले समजत नाही," भुपेंद्र म्हणाला.

"आणायला कोण गेलं?"

"मीच गेलो. मोटरसायकलनं. घोंगड्यात बांधून आणली."

"बाबुलालजींनी देताना काय सांगितलं?"

"काहीच नाही. सहा काडतुसं देली अन् म्हणाले, पाहून घ्या."

स्वयंपाकघराच्या दारातून कलाबाई बोलली. "भुपेंद्र दारात आला तवाच यायनं इचारलं होतं, बाई. आधी हेच इचारलं. 'खोड काय सांगतली?' म्हणून."

"आणि भुपेंद्रने काय सांगितलं?"

"'काही नाही सांगतली' म्हणे."

खोड म्हणजे जनावराचा ऐब. कोणी बैल मारका असतो, कोणी नांगर ओढता ओढता मधेच बसतो. विकणाऱ्याने ती आपल्या तोंडाने सांगायची हा रिवाज. खोड सांगून विकलेल्या बैलाने शिंग मारलं तर दोष घेणाऱ्याचा. न सांगता विकला तर विकणाऱ्याला बाजारात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

"खोडीचा बैल त्यायनं कधी दारात उभा केला नाही," कलाबाई म्हणाली. "फुकट देला तरी नाही."

भुपेंद्रची बायको रुचिका पाण्याचा तांब्या घेऊन आली. राखीने तिला थांबवलं.

"घरात रायफल कोणी चालवून पाहिली?"

"यायनंच, परवा. तलावाच्या पाळीवर जाऊन दोन गोळ्या मारल्या. मी अन् मामंजी पाह्यले गेलो होतो."

"सासऱ्यांनी नाही चालवली?"

"मामंजी म्हणे, मले दे तं. पण यायनं नाही देली. 'बाबा, तुमी हात लावू नका, मी शिकवतो मंग' म्हणे. मामंजी हसत होते यायले."

"का हसत होते?"

रुचिकाच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. "हे गोळी भरायचे तं एवढं हळू हळू करायचे. नळी पाण्याकडं करून, वाकून. लेकरू झोपलं असलं की आपण कसं दार लावतो, तसं. मामंजी म्हणे, 'रायफल हाये का बाळंतीण?'"

राखीने ते वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

*

दुपारी ठाण्यात तिने रिकामी रायफल टेबलावर घेतली. तीन वेळा बोल्ट मागेपुढे केला. चौथ्यांदा चिडून, तळहाताने जोरात हाणला.

खट्.

आत काहीतरी सुटून पुढे आपटलं होतं. तिचं बोट चापाजवळही नव्हतं.

"आता पाहा," ती म्हणाली आणि पुन्हा हाणला. पुन्हा खट्.

श्यामरावांनी टोपी काढली. "म्हणजे चाप न ओढताच उडाली?"

"हळू लावला तर नाही उडत. जोरात लावला तर उडते."

"मंग बुढा मेला तो..."

"त्याने जीव नाही दिला, श्यामराव. कोणीतरी त्याच्या हाती खोडीची रायफल दिली."

संध्याकाळी दोघं भंडाऱ्याला गेले. बंदुका दुरुस्त करणारे हिरालाल यांनी रायफलचा नंबर ऐकल्यावर आपलं रजिस्टर काढलं सुद्धा नाही.

"बाबुलालजींची. मागल्या साली आणली होती माझ्याकडे. आतला एक खाचेचा तुकडा असतो, घोड्याले धरून ठेवते तो. झिजून गेला होता. बोल्ट झटक्यानं लावला तं सुटून जाते. मी म्हटलं, बदलावं लागते. पार्ट मागवला, आला नाही. तोवर हळू लावा म्हटलं अन् नळी माणसाकडं करू नका म्हटलं."

"म्हणजे बाबुलालजींना खोड माहीत होती?"

"माहीत म्हणजे? माह्यासमोर दहा वेळा लावून पाह्यला त्यायनं."

परतताना जीपमध्ये श्यामराव म्हणाले, "झालं तं मंग. बाबुलालनं खोड लपवून माल इकला."

*

बाबुलाल मेश्राम कारध्याला नदीच्या अंगाला राहत. घरासमोर स्वच्छ सारवलेलं अंगण, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मोतीबिंदूमुळे ते माणसाकडे तोंड थोडं तिरपं करून पाहत. वासुदेवराव गेल्याची बातमी त्यांना दुपारीच कळली होती.

"खोड होती ना रायफलला?"

"होती."

"तुम्हाला माहीत होती?"

"होती."

"मग सांगितली का नाही?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "सांगतली जी. खोड न सांगता मी आजवर कोंबडं इकलं नाही. पोराले समोर बसवून सांगतलं, बोल्ट असा आपटून लावशीन तं उडन. लावून दाखवला. त्याच्या हातानं लावून घेतला, चार वेळा. म्हटलं, नळी नेहमी मातीकडं ठेव अन् आंगठ्यानं हळू बसव."

"भुपेंद्र म्हणतो, तुम्ही काहीच सांगितलं नाही."

म्हाताऱ्याने तोंड तिरपं करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं म्हणते तो?"

"सांगितलं तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

"माही बायको, विमलाबाई. पण बायकोची साक्ष कोण मानते?"

"आज सकाळी वासुदेवरावांनी तुम्हाला फोन केला होता. काय म्हणाले?"

"म्हणे, 'बाबुलालजी, रायफल घेतो. पोराचं लय मन हाये त्याच्यात. आज दुपारी येतो अन् बंदुकीच्या दुकानात कागद करून टाकू.' आवाज कटून राहिला होता. 'एकडाव मी स्वतः भरून पाहतो अन् निघतो' म्हणे. मी खोडीचं बोललो नाही. सांगून झाली होती ना. मले काय मालूम..."

राखी उठली. "बाबुलालजी, उद्या सकाळी ठाण्यात या. रायफल कागद न करता दुसऱ्याच्या हाती दिलीत, तो गुन्हा तर आहेच. बाकीचं उद्या ठरेल."

"येतो. पळून कुठी जाऊ?"

श्यामरावांनी जीप हमरस्त्याला लावली. मग हळूच म्हणाले, "म्याडम, एक सांगतो, राग नका मानू. तुमी गजभिये, ते मेश्राम. पोराले पकडलं अन् त्यायले सोडलं तं गाव म्हणन, आपल्या माणसाले वाचवून राहिली."

"म्हणू द्या."

"पुरावा तं पाह्यजे ना. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाविरुद्ध."

ते खरं होतं. दुरुस्तीवाला, खोड, सगळं बाबुलालजींच्याच गळ्याशी येत होतं. राखीने डोळे मिटून घेतले आणि सकाळपासूनचं सगळं पुन्हा एकदा पाहिलं. साकोलीचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती एकदम ताठ बसली.

"श्यामराव, सकाळी मी बोल्ट लावत होते तेव्हा माझं बोट कुठे होतं?"

"बोट? चापावर नव्हतं. मी पाह्यलं ना."

"आणि काडतुसं?"

"तुमी काढून पिशवीत टाकली होती."

"बरोबर," राखी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शवविच्छेदनाचा अहवाल तोंडी कळला. त्यात एकच गोष्ट नवी होती. मृताच्या उजव्या तळहाताच्या मधोमध गोल वळ होता, सुपारीएवढा.

भुपेंद्र आईला घेऊन प्रेताच्या ताब्याचे कागद करायला ठाण्यात आला. आतल्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बाबुलालजी बसले होते. भुपेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं नाही. कलाबाई भिंतीलगतच्या बाकावर बसली. तिने आल्या आल्या तोच प्रश्न विचारला.

"बाई, सांगता का आता?"

"सांगते, मावशी. त्याआधी भुपेंद्रकडून एक गोष्ट राहिलीय." राखीने टेबलावरची रायफल पुढे केली. "रिकामी आहे, पाहून घ्या. त्या दिवशी पाळीवर तुम्ही गोळी कशी भरत होतात, तेवढं करून दाखवा."

भुपेंद्रने बोल्ट मागे ओढून आत पाहिलं. काडतूस नव्हतं. मग त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि बाकाकडे पाठ केली. नळी रिकाम्या कोपऱ्यातल्या फरशीकडे वळवली, कमरेत वाकला, श्वास रोखला आणि अंगठ्याने बोल्ट हळूहळू, अगदी हळूहळू खाली बसवला.

तो सरळ झाला आणि त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले.

"आता श्यामराव, तुम्ही लावा. जोरात."

श्यामरावांनी तळहाताने बोल्ट हाणला. खट्. कलाबाई दचकली. दारातला शिपाई दचकला. हाणणारे श्यामराव स्वतःच दचकले. भुपेंद्र दचकला नाही. त्याने डोळे आधीच मिटून घेतले होते.

"मावशी," राखी म्हणाली, "तुमचा माणूस तुम्हाला सोडून गेला नाही."

कलाबाईने ओंजळीत तोंड घेतलं. राखीने तिला थोडा वेळ दिला आणि मग बोलू लागली.

"जीव देणारा माणूस धुतलेला शर्ट घालून, परवाना आणि फोटो पिशवीत घेऊन शेतात येत नाही. चार काडतुसं भरत नाही. त्यांचा हात चापापर्यंत पोचत नव्हता आणि चिखलाचा पाय चापाला लागला नव्हता. ते दुपारी कागद करायला निघणार होते. बाबुलालजींना तसा फोनही केला होता. जायच्या आधी एकदा स्वतः भरून पाहायचं होतं, बस. आयुष्यभर त्यांनी भरमार वापरली. भरमारमध्ये दारू वरून ओततात, गजाने ठासतात. त्यासाठी दस्ता जमिनीवर टेकवून नळी तोंडासमोर उभी धरावी लागते. त्यांच्या हातांना बंदूक भरायची दुसरी रीतच माहीत नव्हती. त्यांनी ही रायफल तशीच उभी केली आणि बोल्ट तळहाताने हाणला. बोल्टच्या मुठीचा गोल वळ त्यांच्या तळव्यावर सापडला आहे. पोरगा हळू लावतो म्हणून ते त्याला हसले होते. यंत्र जोरात लावायचं असतं असंच त्यांना वाटलं असणार."

"खोड," कलाबाई म्हणाली. "रायफलले खोड होती?"

"होती. ती कोणाला माहीत होती, एवढाच प्रश्न होता. बाबुलालजींना होती. ते म्हणतात, मी भुपेंद्रला सांगितली. भुपेंद्र म्हणतो, नाही सांगितली. काल सकाळी भुपेंद्र मला सांगत होता की बापाने चाप ओढून जीव दिला. तसं ज्याला वाटतं तो चापाला भितो. माझं बोट चापावर नव्हतं, काडतुसं त्याच्यासमोर काढून ठेवली होती. तरी मी बोल्टला हात लावताच त्याने तुम्हाला मागे ओढलं. तो बोल्टला भीत होता. त्या वेळी त्या शेतात बोल्टला भिणारा दुसरा एकही माणूस नव्हता, मीसुद्धा नाही. मला तर खोड दुपारी कळली. पाळीवरही तो असाच भरत होता आणि आत्ता रिकामी रायफलही त्याने तशीच भरली. न सांगितलेली खोड हातांना कशी कळेल?"

भुपेंद्र भिंतीला टेकून खाली सरकला आणि जमिनीवर बसला.

"म्याडम, बाबा रोज रात्री जागलीले शेतात झोपत. छातीत दमा. थंडीत खोकून खोकून रगत पडे. मी जातो म्हटलं तं ऐकत नव्हते. मले वाटलं, रायफल आली तं दोनचार डुकरं पडतीन, बाकीची येणार नाहीत, बाबा घरी झोपतीन. खोड सांगतली असती तं त्यायनं घेतलीच नसती. अन् दुसरी आमच्यानं घेणं झालं नसतं. तो पार्ट मी नागपूरहून आणून बसवणार होतो. तोवर त्यायले हात लावू देणार नव्हतो. काल पहाटे ते घरी येऊन रायफल घेऊन गेले तवा मी झोपून होतो, म्याडम. त्यायनं मले उठवलंच नाही."

"आणि मग तुझ्या बापाने जीव दिला असं तूच सांगितलंस," राखी म्हणाली. तिला राग आला होता आणि त्या रागाचा काही उपयोग नाही हेही तिला दिसत होतं. "मी मानलं असतं तर ही बाई मरेपर्यंत 'मला सोडून का गेला' म्हणत बसली असती. आणि ते नाही तर दोष या म्हाताऱ्यावर ढकललास."

भुपेंद्रने गुडघ्यात तोंड घातलं.

"वहिनी," बाबुलालजींनी हात जोडले, "चूक माहीबी हाये. खोड मालकाच्या कानात सांगावं लागते. मी पोराच्या कानात सांगतली."

कलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळखलं की नाही कळलं नाही.

"याले कुठी नेता?" तिने विचारलं.

"कोर्टात, मावशी. पुढचं कोर्टाच्या हाती."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

बाहेर प्रेत घेऊन दवाखान्याची गाडी आल्याचं शिपायाने सांगितलं. श्यामरावांनी राखीकडे पाहिलं.

"आधी अग्नी देऊ द्या," राखी म्हणाली. "आपण सोबत जाऊ. अटक मग दाखवू."

भुपेंद्रला उठता येईना. शिपाई पुढे झाला, पण त्याआधी बाबुलालजी चाचपडत आले. त्यांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि दारापर्यंत नेलं. ज्याच्यावर दोष ढकलला होता त्याच्याच खांद्याला धरून तो पायऱ्या उतरला.

कलाबाई दारात थांबली.

"बाई, तुमी चांगलं केलं. खरं सांगतलं." तिने पदराने तोंड पुसलं. "पण मी इचारलंच नसतं, तं एक तं उरला असता मले."

कलाबाई थोडा वेळ उत्तराची वाट पाहत उभी राहिली आणि मग नवऱ्याच्या गाडीत मुलाशेजारी जाऊन बसली.